कोऱ्या कॅसेटची पारख

ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत रेडिओ-टेपच्या दुकानात एक सोय असे. गाण्यांची यादी कागदावर लिहून द्यायची, सोबत कोरी कॅसेट द्यायची किंवा दुकानातलीच घ्यायची, आणि दोन-चार दिवसांनी ती ‘भरून’ न्यायची. लताबाईंची आठ-दहा गाणी, मध्येच सुधीर फडके, शेवटी उरलेल्या तीन मिनिटांत बसेल असं एखादं छोटं गाणं. कंपनीच्या तयार कॅसेटवर हा क्रम कधीच मिळाला नसता. कायद्याच्या नजरेत हा व्यवहार बसत नव्हता हे खरं. पण काय ऐकायचं, कोणत्या क्रमानं ऐकायचं आणि काय जपून ठेवायचं हे ठरवण्याची मुभा सामान्य श्रोत्याला पहिल्यांदा मिळाली ती या कोऱ्या कॅसेटमुळे.

ही वस्तू जन्माला आली बेल्जियममधल्या हासेल्ट इथल्या फिलिप्सच्या कारखान्यात. त्या काळचे टेपरेकॉर्डर मोठ्या उघड्या रिळांवर चालत. फीत हातानं ओवावी लागे. लू ऑटन्स या अभियंत्यानं कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा करून घेतला आणि नवं यंत्र एवढ्याच मापाचं हवं, असं सहकाऱ्यांपुढे ठेवलं. 1963 साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात फिलिप्सनं कॉम्पॅक्ट कॅसेट मांडली. पुढे सोनीच्या आग्रहामुळे फिलिप्सनं परवान्याचे पैसे न घेता इतर कंपन्यांना ती बनवू दिली. जगभर एकाच मापाची कॅसेट चालली याचं श्रेय या निर्णयाला द्यायला हवं. तो झाला नसता तर प्रत्येक कंपनीच्या यंत्राला वेगळी कॅसेट लागली असती.

कॅसेटमधली फीत 3.81 मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला 4.76 सेंटिमीटर वेगानं सरकते. हे दोन आकडे लक्षात ठेवले की बाकीचं गणित आपोआप उलगडतं. साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, म्हणजे जवळजवळ 86 मीटर फीत. नव्वदच्या कॅसेटला 130 मीटरच्या आसपास लागते, पण डबी तेवढीच. मग फीत पातळ करण्यावाचून इलाज नाही. एकशेवीसच्या कॅसेटमध्ये ती इतकी पातळ होते की ताणली जाते, यंत्रात गुंतते. म्हणूनच अनेक टेप डेकच्या माहितीपुस्तिकांत ती वापरू नका असं लिहिलेलं असे. नव्वदची मात्र सगळ्यांची लाडकी होती. एका बाजूला एक आख्खी एलपी आणि दुसऱ्या बाजूला दुसरी, असा तिचा हिशेब बसे.

जपानमध्ये तर हा हिशेब फार बारकाईनं मांडला गेला. 1980 पासून तिथं रेकॉर्ड भाड्यानं देणारी दुकानं निघाली. रेकॉर्ड घरी न्यायची, कॅसेटवर उतरवायची, परत द्यायची. त्यामुळे कोऱ्या कॅसेटचा खप वाढला आणि 46, 54, 74 मिनिटांच्या कॅसेटही आल्या. 46 ची एका एलपीसाठी, 74 ची सीडीसाठी. आजच्या संग्राहकांना जपानी कॅसेटची इतकी ओढ वाटते त्याचं एक कारण या विविधतेत आहे.

पण संग्राहकाची खरी पारख लागते ती फितीवरच्या लेपात. प्लास्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कणांचा पातळ थर दिलेला असतो. यंत्राचं हेड त्या कणांवर आवाजाच्या चढउताराप्रमाणे चुंबकीय ठसा उमटवतं. कण कशाचे, यावर आवाजाचा पोत ठरतो. टाइप वन म्हणजे साधं लोहऑक्साइड. आपल्याकडच्या बहुतेक घरांत हीच कॅसेट असे. टाइप टू मध्ये क्रोमियम डायऑक्साइड, जे बीएएसएफ वापरत असे. त्या फितीला मेणखडूसारखा वास येतो. जपानी कंपन्यांनी क्रोमियमऐवजी लोहऑक्साइडला कोबाल्टची जोड दिली. 1975 मध्ये आलेली टीडीकेची ‘एसए’ याच वाटेनं आली आणि पुढे कित्येक डेक तिलाच प्रमाण मानून जुळवले गेले. टाइप थ्री दोन थरांची होती, ती फार टिकली नाही. टाइप फोर म्हणजे ‘मेटल’. हिच्यात ऑक्साइडऐवजी शुद्ध धातूचे कण असतात. 1979 च्या सुमारास ती बाजारात आली तेव्हा जुन्या यंत्रांची पंचाईत झाली, कारण मेटल फितीवर नीट भरायला आणि आधीचं पुसायला त्यांची ताकद अपुरी पडे.

कॅसेट कोणत्या प्रकारची आहे हे लेबल न वाचताही कळतं. वरच्या कडेला टाइप टू च्या कॅसेटला दोन टोकांजवळ जादा खाचा असतात. मेटलला आणखी दोन, मध्याजवळ. चांगले डेक या खाचा चाचपून स्वतःच जुळणी करून घेत.

मेटलच्या काळात कंपन्यांनी डबीवरही कमालीची मेहनत घेतली. टीडीकेच्या ‘एमए-आर’ची चौकट धातू ओतून केलेली होती आणि दोन्ही बाजूंना पारदर्शक पत्रे होते, हातात घेतली की वजन जाणवतं. सोनीच्या ‘मेटल मास्टर’ला सिरॅमिकमिश्रित कवच होतं. हा निव्वळ दिखावा नव्हता. डबी थरथरली किंवा वाकडी असली तर फीत हेडसमोरून सरळ सरकत नाही आणि वरचे स्वर मंदावतात. न उघडलेल्या, सेलोफेनमधल्या या कॅसेटना आज संग्राहक भरपूर पैसे मोजतात, आणि त्यांचं मोल समजण्यासारखं आहे. मेटलची फीत आता कुणी बनवत नाही. एक उघडली की जगातला साठा एकानं घटतो.

भारतात गोष्ट वेगळ्या वळणानं गेली. इथं प्रश्न आवाजाच्या बारकाव्याचा कमी आणि आवाक्याचा जास्त होता. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आखाती देशांतून परतणाऱ्या माणसांच्या सामानात टेपरेकॉर्डर येऊ लागले. तोवर रेकॉर्डच्या बाजारावर एचएमव्हीची जवळजवळ मक्तेदारी होती. कॅसेट स्वस्तात भरता येते म्हटल्यावर लहान लहान कंपन्या उभ्या राहिल्या. गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजनं भरलेल्या कॅसेटबरोबर कोऱ्याही विकल्या. पीटर मॅन्युएल या अभ्यासकानं 1993 मध्ये उत्तर भारतातल्या या घडामोडींवर ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक लिहिलं. प्रादेशिक बोलींतली गाणी, भजनं, लोकगीतं बाजारात कशी आली हे त्यात सविस्तर आहे. महाराष्ट्रात भीमगीतं आणि विठ्ठलाची गाणी वस्त्यावस्त्यांत पोचली ती याच लाटेत.

त्याच आखाती वाटेवरून कोरी कॅसेट पत्र म्हणूनही फिरली. घरच्यांनी साठची कॅसेट बोलून भरायची, गावाकडे आलेल्या कुणाच्या तरी हाती द्यायची, आणि तिकडून उत्तर भरून यायचं. केरळात ही रीत खूप रुळली होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईला मुलाशी बोलायला मध्ये कुणा वाचणाऱ्याची गरज उरली नाही, ही मोठी गोष्ट होती.

पत्रांसारख्याच मैफलीही कोऱ्या कॅसेटवर हातोहात फिरल्या. अमेरिकेत ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदानं 1984 मध्ये कार्यक्रमात ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी स्वतंत्र जागा राखून ठेवली. अट एकच, विकायचं नाही, आपसात देवघेव करायची. त्यामुळे त्या मंडळींचे असंख्य कार्यक्रम आज ऐकायला मिळतात. आपल्याकडे शास्त्रीय संगीताच्या रसिकांनी हेच काम कुणी जागा न देता केलं. घरगुती बैठका, आकाशवाणीवरची संगीत संमेलनं त्यांनी नव्वदच्या कॅसेटवर उतरवली, एकमेकांना प्रती करून दिल्या. स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रिकेत न सापडणारा, तासभर फुललेला राग कित्येकदा अशाच फितीवर राहिला आहे.

इंग्लंडमधल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं 1981 मध्ये घरगुती ध्वनिमुद्रणाविरुद्ध मोहीम उघडली, कॅसेटच्या आकृतीखाली हाडांची फुली काढून. कलावंताचं मानधन बुडतं ही त्यांची तक्रार रास्त होती. तरी घराघरांत भरलेल्या कॅसेट नसत्या तर कितीतरी आवाज आज नसतेच, हेही तितकंच खरं.

आज कोरी कॅसेट घ्यायची तर? अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डची नॅशनल ऑडिओ कंपनी आणि फ्रान्सची ‘रेकॉर्डिंग द मास्टर्स’ नव्यानं फीत बनवतात. पण ती टाइप वन. जुनी टाइप टू हवी असेल तर पडून राहिलेल्या मालावरच भिस्त. अशी कॅसेट घेताना कवच स्क्रूचं आहे का पाहावं, कारण ते उघडून दुरुस्ती करता येते. चिकटवलेलं कवच फोडावं लागतं. आतली नमद्याची छोटी गादी जागेवर आहे का, फितीच्या कडांवर पांढरी बुरशी आहे का, हेही बघावं. कोकणातल्या दमट हवेत ही बुरशी फार लवकर धरते, आणि अशी कॅसेट वाजवली तर बुरशी हेडला लागून पुढच्या चांगल्या कॅसेटवरही जाते. भरण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घेतली की वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे मोकळे होतात. अगदी सुरुवातीची काही सेकंदं फितीवर लेपच नसतो, तिथं काही भरलं जात नाही.

आणि घरच्या कपाटात ‘कोरी’ म्हणून ठेवलेली, लेबल नसलेली कॅसेट सापडली तर ती आधी ऐकावी. पण त्याही आधी कॅसेट उलटी करून वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन लहान तुकडे तपासावेत. तोडलेले असतील तर कुणीतरी ती मुद्दाम जपलेली आहे. शाबूत असतील तर आपणच तोडावेत, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आजीच्या ओव्या पुसल्या जाणार नाहीत. खरोखरच कोरी निघाली तर त्या खाचांवर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येते.