वृद्धांचे पडणे टाळता येते

'वय झाले, पाय घसरला, चालायचेच' असे म्हणून आपल्याकडे वृद्धांच्या पडण्याकडे काणाडोळा केला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या अहवालानुसार पासष्टी गाठलेल्या माणसांपैकी २८ ते ३५ टक्के माणसे दरवर्षी पडतात. तरुण माणूस पडला तर बहुधा खरचटण्यावर निभावते. वृद्धांची हाडे ठिसूळ झालेली असल्याने त्यांचे खुब्याचे हाड मोडू शकते आणि कालपर्यंत हिंडतेफिरते असलेले माणूस अंथरुणाला खिळते. म्हणून एकदा जरी पडणे झाले, तरी त्याचे कारण शोधले पाहिजे.

तोल का जातो?

पुष्कळ वृद्धांना अंथरुणातून एकदम उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहताच रक्तदाब खाली येतो, हे त्याचे कारण असते. निजलेले असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असा दोनदा रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगावे. रक्तदाबाच्या, लघवी होण्याच्या, प्रोस्टेटच्या आणि झोपेच्या गोळ्यांमुळे असा त्रास वाढू शकतो किंवा तोल जाऊ शकतो. तपासणीला जाताना घरातील सर्व गोळ्या पिशवीत घालून न्याव्यात. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

मधुमेहाच्या रुग्णाने गोळी घेऊन एकादशी-चतुर्थीचा कडक उपवास केला तर रक्तातील साखर उतरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात आणि माणूस कोसळू शकतो. उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. याखेरीज मोतीबिंदू, पायांतील बधिरपणा, गुडघेदुखी, ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि मांड्यांच्या स्नायूंचा अशक्तपणा हीही नेहमीची कारणे आहेत.

घरच्या घरी चाचणी

वृद्ध व्यक्तीला खुर्चीवर बसवावे. उठून तीन मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट, नेहमीच्या चालीने चालत जाऊन, वळून, परत येऊन बसण्यास सांगावे. रोज काठी वापरत असतील तर काठी हाती असू द्यावी. घड्याळ लावून कोणीतरी जवळच उभे राहावे. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला तर पडण्याचा धोका जास्त आहे, असे समजून तपासणी करून घ्यावी.

घरात काय करावे?

मोरीतील शेवाळ घासून काढावे व फरशी कोरडी ठेवावी. मोरीत आणि संडासात भिंतीला पकडण्यासाठी दांडा बसवावा. उंबरठ्यापाशी सरकणारे पायपुसणे ठेवू नये. रात्री लघवीला उठण्याच्या वाटेवर मंद दिवा असावा. वीज जाते तेथे उशाशी बॅटरी ठेवावी. उठताना आधी दोन मिनिटे पलंगाच्या काठावर बसून मग उभे राहावे. झिजलेल्या सपाता टाकून द्याव्यात आणि पायघोळ धोतर-साडी थोडी वर नेसावी.

पायांत बळ राहावे म्हणून रोज खुर्चीवरून दहा वेळा उठबस करावी. भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहण्याचा सराव करावा, तेव्हा घरचे कोणी जवळ असावे. आहारात दूध, नाचणी, तीळ आणि डाळी असाव्यात.

पडल्यावर

पडल्यानंतर जांघेत दुखत असेल, पायावर भार देता येत नसेल, पाय आखूड वाटत असेल किंवा पाऊल बाहेरच्या बाजूला वळले असेल, तर खुब्याचे हाड मोडले आहे असे धरून चालावे. अशा वेळी चोळणे, ओढणे किंवा हाडवैद्याकडून बांधून घेणे टाळावे. पाय न हलवता सपाट फळीवर अथवा स्ट्रेचरवर रुग्णालयात न्यावे.

'या वयात शस्त्रक्रिया सोसवणार नाही' या भीतीने रुग्णाला घरीच निजवून ठेवणे हा यातील सर्वांत घातक निर्णय ठरतो. पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात, न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. रुग्ण दगावतो तो बहुधा अशाच गुंतागुंतीने. शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होऊन रुग्ण लवकर उभा राहणे हाच सुरक्षित मार्ग आहे. वयाकडे पाहून नकार देण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांचे मत घ्यावे.

डोक्याला मार लागला असेल तर दीड-दोन महिने लक्ष ठेवावे. डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ किंवा एका बाजूला अशक्तपणा दिसल्यास मेंदूवर रक्त साचलेले असू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर मार किरकोळ वाटला तरी लगेच दाखवावे.

खर्चापोटीही पुष्कळदा उपचार लांबतात. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सामावून घेतले आहे. संलग्न रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. त्यासाठी आधार कार्ड दाखवून योजनेचे कार्ड आधीच काढून ठेवावे. अडचणीच्या वेळी धावपळ होत नाही.