वेग क्यूबमध्ये की नजरेत?

डिसेंबर २०१९ मध्ये 'व्हीजेटीआय मुंबई क्यूब ओपन' या स्पर्धेत मोहम्मद ऐमन कोली या खेळाडूने रुबिकचा क्यूब १५.५६ सेकंदांत सोडवला. हाताने क्यूब सोडवणारे याहून कितीतरी वेगवान खेळाडू जगात आहेत, मग यात विशेष ते काय? विशेष हे, की त्याने क्यूब पायांनी सोडवला होता. तो जागतिक विक्रम ठरला. पुढे १ जानेवारी २०२० पासून 'वर्ल्ड क्यूब असोसिएशन' या जागतिक संघटनेने पायांचा प्रकार स्पर्धांतून काढून टाकला, त्यामुळे त्या प्रकारातला हा शेवटचा विक्रम.

पायाची बोटे हाताच्या बोटांइतकी चपळ नसतात. तरीही ती पंधरा सेकंदांत काम उरकतात आणि नुकताच क्यूब शिकलेला विद्यार्थी दहा बोटे वापरूनही दोन-तीन मिनिटे घेतो. मग हा वेळ जातो तरी कुठे?

हा प्रश्न नुसत्या गमतीचा नाही. आमच्या गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावातही मुले मोबाईलवर स्पर्धांची चित्रे पाहतात आणि घरी 'फास्ट क्यूब' मागतात. असा चांगला क्यूब काही शे रुपयांना मिळतो, पण नामांकित क्यूबची किंमत काही हजारांवर जाते. कोल्हापूर इथून सुमारे ५० किलोमीटर. क्यूब दुकानात हाताळून पाहायचा तर तिथवर जावे लागते, नाहीतर घरबसल्या मागवावा लागतो. पालक शेवटी शिक्षकांनाच विचारतात, "सर, एवढे पैसे घालावेत का?" याचे उत्तर अंदाजाने देण्यापेक्षा मोजून देता येते. ते कसे, हे आपण पाहू.

थोडा इतिहास

हंगेरीतील बुडापेस्ट येथे वास्तुकलेचे अध्यापक असलेल्या एर्नो रुबिक यांनी १९७४ मध्ये हा क्यूब तयार केला. १९८२ मध्ये बुडापेस्टलाच पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती अमेरिकेच्या मिन्ह थाई याने २२.९५ सेकंदांत जिंकली. २००४ मध्ये वर्ल्ड क्यूब असोसिएशनची स्थापना झाली आणि नियम सर्वत्र सारखे झाले. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या मॅक्स पार्कने ३.१३ सेकंदांची नोंद केली.

क्यूबच्या शक्य असलेल्या रचना ४३ वर १८ शून्ये लिहिली तर जी संख्या होईल, तिच्याहूनही थोड्या जास्त आहेत. तरीही कोणतीही रचना जास्तीत जास्त २० चालींत सुटते, हे २०१० मध्ये संगणकाच्या साहाय्याने सिद्ध झाले. माणसाला मात्र ही २० चालींची वाट दिसत नाही. नवशिक्या थराथराने क्यूब सोडवतो तेव्हा त्याला शंभराहून अधिक चाली लागतात. जेसिका फ्रिड्रिख यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत साधारण ५५ ते ६० चाली पुरतात, पण त्यासाठी केवळ शेवटच्या थराची ७८ सूत्रे पाठ करावी लागतात.

वेळेचे दोन भाग

क्यूब सोडवायला लागणाऱ्या वेळेचे दोन भाग पडतात. एक, थर प्रत्यक्ष फिरवण्याचा वेळ. दोन, 'आता पुढे काय?' म्हणून पाहत थांबण्याचा वेळ. क्यूब बदलला तर मुख्यतः पहिला भाग बदलतो. हे दोन भाग वेगळे मोजता आले, की आपले काम झाले.

त्यासाठी वर्गात करता येण्याजोगा एक प्रयोग आहे. सुटलेला क्यूब हाती घ्या. उजवा थर वर फिरवा. वरचा थर असा फिरवा, की त्याची समोरची ओळ डावीकडे जाईल. मग उजवा थर खाली आणा. शेवटी वरच्या थराची समोरची ओळ उजवीकडे आणा. प्रत्येक वेळी पाव फेरा. या चार चाली ओळीने सहा वेळा केल्या, म्हणजे २४ चाली झाल्या, की क्यूब पुन्हा सुटलेल्या स्थितीत येतो. मध्ये तो बिघडलेला दिसेल, घाबरू नका. चाली अंगवळणी पडल्या, की घड्याळ लावून या २४ चालींचा वेळ मोजा. यात विचार करावा लागत नाही, म्हणून हा शुद्ध 'फिरवण्याचा' वेळ होय.

समजा, एका विद्यार्थिनीला यासाठी १२ सेकंद लागले. म्हणजे तिचा वेग सेकंदाला दोन चाली. तिला पूर्ण क्यूब सोडवायला १३० चाली आणि १८० सेकंद लागतात असे धरू. १३० चाली फिरवण्याचे ६५ सेकंद झाले. उरलेले ११५ सेकंद ती नुसती पाहत होती! आता तिला उत्तम क्यूब दिला आणि तिचा फिरवण्याचा वेग दुप्पट झाला, तरी वाचतात सुमारे ३२ सेकंद. उलट जुन्याच क्यूबवर तिने पाहण्याचा वेळ निम्म्यावर आणला, तर ५७ सेकंद वाचतात, आणि तेही एक पैसा खर्च न करता.

दहा सेकंदांत क्यूब सोडवणाऱ्या खेळाडूचा हिशोब मात्र वेगळा. तो ६० चालींसाठी सेकंदाला आठ चाली या वेगाने साडेसात सेकंद घेतो. पाहण्यात जातात फक्त अडीच. त्याचा क्यूब अर्धा सेकंद अडकला तरी स्पर्धा हातची जाते. म्हणजे विचारातला वेळ जसजसा कमी होतो, तसतसे क्यूबचे महत्त्व वाढत जाते.

आत काय असते?

क्यूबच्या गाभ्यात तीन अक्ष असतात आणि त्यांच्या टोकांना सहा मध्यतुकडे स्क्रू व स्प्रिंगने बसवलेले असतात. त्यांच्या आधाराने कडेचे १२ आणि कोपऱ्यांचे ८ तुकडे एकमेकांत गुंतून फिरतात. एक थर पूर्ण जागेवर आला नसेल, तर त्याला छेदणारा दुसरा थर फिरू शकत नाही. क्यूब अडकतो तो यामुळे. वेगाने फिरवताना प्रत्येक थर नेमका ९० अंशांवर थांबवणे अशक्यच. म्हणून नव्या क्यूबमध्ये तुकड्यांच्या आतल्या कडा गोलाकार करतात. थर थोडा वाकडा राहिला तरी कोपरे त्यावरून घसरत जातात आणि त्याला जागेवर ढकलतात. याला खेळाडू 'कॉर्नर कटिंग' म्हणतात.

अलीकडच्या क्यूबमध्ये चुंबकही असतात. प्रत्येक कोपऱ्यात तीन आणि कडेच्या प्रत्येक तुकड्यात दोन, असे एकूण ४८. चुंबकांमुळे थर जास्त जोराने फिरत नाही. तो जागेवर आला, की किंचित खेचून तिथे स्थिरावतो, आणि त्यामुळे अडकणे कमी होते.

निवडताना

१. वरचा थर सुमारे ३० अंश तिरका ठेवा आणि बाजूचा थर फिरवा. तो जोर न लावता फिरला तर क्यूब चांगला.

२. एका बोटाच्या टिचकीने थर पाव फेरा फिरायला हवा. पण तो आपोआप पुढे सरकत असेल, तर नवशिक्याच्या हाताला तो फार सैल आहे.

३. कडेची लांबी ५५ ते ५७ मिलिमीटर असावी. लहान हातांना थोडा लहान क्यूब सोयीचा.

४. मध्यतुकड्याचे झाकण काढून स्क्रू पिळता येतो का, ते पाहा. सर्व सहा स्क्रू सारखेच आणि एका वेळी पाव फेराच पिळावेत.

५. खोबरेल तेल घालू नये, ते चिकट होते. व्हॅसलीनसारख्या खनिज तेलाच्या पदार्थांनी प्लॅस्टिक खराब होऊ शकते. सिलिकॉनचे वंगण योग्य, तेही एक-दोन थेंब.

क्यूब घरबसल्या मागवला असेल, तर या परीक्षा तो हाती आल्यावर लगेच कराव्यात. आणखी एक सूचना. तुकडे निखळले तर ते मनास येईल तसे बसवू नयेत. अशा १२ रचनांपैकी सरासरी एकच सुटू शकते. सुटलेल्या स्थितीतच जोडावे.

मग पालकांना काय सांगावे?

ज्याचा वेळ एका मिनिटाहून अधिक आहे, त्याला न अडकणारा साधा क्यूब पुरेसा आहे. त्याने सराव मुद्दाम सावकाश करावा. हात एक चाल करत असताना नजरेने पुढचा तुकडा शोधून ठेवावा आणि हात थांबू देऊ नये. स्पर्धेत सुरुवातीला क्यूब पाहून घ्यायला १५ सेकंद मिळतात, तेही याच कामासाठी. प्रत्येक आठवड्याला २४ चालींचा प्रयोग आणि पूर्ण क्यूबचा वेळ वहीत लिहून दोन्हींचा आलेख काढावा. पाहण्याचा वेळ फिरवण्याच्या वेळेहून कमी झाला, की चांगला क्यूब मागण्याचा हक्क त्या मुलाने मिळवला असे समजावे. तेव्हा आलेख पालकांसमोर ठेवावा. ती मागणी हट्टाची नसेल, तिच्यामागे पुरावा असेल. आणि ज्या घरी क्यूबसाठी पैसे निघू शकत नाहीत, तिथल्या मुलालाही हे सांगता येईल, की वेळेचा मोठा वाटा त्याच्या स्वतःच्या नजरेच्या ताब्यात आहे.