क्षितिजाआड जाणारा आवाज

परग्रहावरच्या वसाहतीचं एकाकीपण पडद्यावर दाखवता येतं, पण ते खरं पोचतं कानांतूनच, असं माझं ठाम मत आहे. जुन्या अमेरिकी रेडिओवरची विज्ञाननाट्यं मिळतील तिथून मिळवून मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. त्यातलं एकच निवडा म्हटलं, तर मी क्षणभरही न थांबता 'द कोल्ड इक्वेशन्स'चं नाव घेईन. टॉम गॉडविनची ही कथा 'अस्टाउंडिंग' मासिकात ऑगस्ट १९५४ मध्ये छापून आली आणि सुमारे वर्षभराने, २५ ऑगस्ट १९५५ला, एनबीसीच्या 'एक्स मायनस वन' या मालिकेत तिचं नभोनाट्य झालं.

मालिकेबद्दल थोडक्यात सांगायचं तर एनबीसीने १९५० आणि १९५१ मध्ये 'डायमेन्शन एक्स' नावाची विज्ञाननाट्यमाला चालवली. पुढे १९५५ ते १९५८ 'एक्स मायनस वन' आली. अर्नेस्ट किनॉय आणि जॉर्ज लेफर्ट्‌स हे तिचे प्रमुख रूपांतरकार. रे ब्रॅडबरी, रॉबर्ट हाइनलाइन, आयझॅक असिमॉव्ह अशांच्या कथा तिने घराघरांत नेल्या. तोवर दिवाणखान्यात टीव्ही येऊन बसला होता आणि रेडिओनाटकांचा काळ सरत आला होता. इतिहास इतका पुरे.

आता नाटकाकडे. वोडेन नावाचा एक ग्रह आहे. नुकता कुठे माणसाचा पाय लागलेला. तिथे संशोधकांच्या दोन छोट्या तुकड्या आहेत, एकमेकींपासून फार दूर. एका तुकडीत तापाची साथ आली आहे, आणि तिच्याजवळचं औषध वादळात नष्ट झालं आहे. मोठं यान आपला मार्ग सोडू शकत नाही, म्हणून औषध घेऊन एक छोटं यान सुटतं. यानात एक चालक आणि त्याच्या वजनाचा हिशेब करून दिलेलं इंधन, जास्तीचा थेंबही नाही. या यानात एक अठरा वर्षांची मुलगी लपून बसलेली सापडते. तिचा भाऊ वोडेनवरच्या दुसऱ्या तुकडीत आहे. कित्येक वर्षांत त्याची भेट नाही. पकडलं तर दंड भरावा लागेल, एवढीच तिची समजूत. पण तिचं वजन यानात राहिलं तर उतरताना इंधन संपणार, यान कोसळणार आणि औषधाची वाट पाहणारे ते आजारीही मरणार.

तिला यानाबाहेर जावं लागणार, हे लवकरच स्पष्ट होतं. 'अस्टाउंडिंग'चे संपादक जॉन कॅम्पबेल यांनीच तिच्या सुटकेची वाट बंद करायला लावली, असं सांगतात. मला मात्र गुंतवून ठेवतो तो त्यानंतरचा भाग. तिला भावाशी एकदा बोलायचं आहे आणि तो तळावर नाही, हेलिकॉप्टर घेऊन बाहेर गेला आहे. इकडे ग्रह फिरतो आहे. भावाचा तळ हळूहळू क्षितिजाआड चालला आहे, आणि तो पलीकडे गेला की बोलणं खुंटणार. भाऊ येतो तेव्हा हातात मोजकीच मिनिटं उरलेली असतात. दोघं बोलतात, आवाज विरत जातो.

हा प्रसंग रेडिओसाठीच जन्मलेला आहे. श्रोत्याच्या हाती त्या मुलीइतकंच असतं, म्हणजे एक आवाज. तिला भाऊ दिसत नाही, आपल्यालाही दिसत नाही. पडद्यावर दिग्दर्शकाला भावाचा चेहरा दाखवण्याचा मोह आवरणार नाही आणि तो चेहरा दिसला, की तिचं एकटेपण निम्मं होईल. त्या काळच्या स्टुडिओत दूरचा आवाज 'फिल्टर' लावून काढत. आवाजातले खर्जाचे आणि अतिउंच सूर गाळले, की टेलिफोनवरच्यासारखा किरटा आवाज उरतो. तेवढ्या एका युक्तीने दोन माणसांमध्ये हजारो मैल उभे राहतात.

क्षितिजाची ही अडचण कल्पनेतली नाही. अशा संपर्काच्या रेडिओलहरी सरळ रेषेत जातात, ग्रहाचं पोट आडवं आलं की संपलं. जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर असताना मायकेल कॉलिन्स यानात एकटे प्रदक्षिणा घालत होते. प्रत्येक फेरीत चंद्रामागे गेल्यावर पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ पृथ्वीशी त्यांचा संपर्क तुटे. चीनने २०१९च्या जानेवारीत चंद्राच्या पलीकडच्या बाजूला यान उतरवलं, त्याआधी २०१८ मध्ये निरोप्याचं काम करणारा 'च्युएछियाओ' उपग्रह पाठवावा लागला, तो याच कारणाने.

माझ्या भाचीला हे नाटक ऐकवलं तेव्हा ती तावातावाने म्हणाली, "मामा, खुर्च्या फेका की बाहेर! दारं काढा! एका मुलीच्या वजनाचं सामान सापडत नाही?" तिचा मुद्दा चुकीचा नाही. कोरी डॉक्टरो या लेखकाने २०१४ मध्ये जवळजवळ हाच आक्षेप घेतला होता: हे समीकरण निसर्गाने मांडलेलं नाही, लेखकाने मांडलं आहे. इंधन मोजून देणारी व्यवस्था माणसांची, तिचा दोष भौतिकशास्त्रावर का ढकलायचा? हे मला पटतं. तरीही नाटक कोसळत नाही. कारण वसाहतीचं दूर असणं त्यात खरं आहे. मदत निघायला उशीर होतो आणि निघते ती जेमतेम पुरेल एवढीच.

मंगळाचं तर आणखी अवघड. पृथ्वीवरून निघालेला शब्द तिथे पोचायला तीन ते बावीस मिनिटं लागतात, ग्रह कुठे आहेत त्यावर. ह्यूस्टनमध्ये नासाने मंगळावरच्या घराची प्रतिकृती बांधून जून २०२३ ते जुलै २०२४ असे ३७८ दिवस चार जणांना आत ठेवलं, तेव्हा निरोपांना मुद्दाम असाच विलंब लावला होता. बावीस मिनिटं जायला, बावीस यायला. 'कशी आहेस?' विचारल्यावर पाऊण तास उत्तर नाही. त्याला संभाषण म्हणवत नाही, तो पत्रव्यवहारच. ही पाऊण तासाची शांतता नाटकात कशी भरायची, हे कुणी मराठीत करून पाहिलं पाहिजे.

आपल्याकडे साहित्य आहे. जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली, तेव्हापासून मराठी विज्ञानकथा भरभरून लिहिली गेली आहे. आकाशवाणीवर श्रुतिका ऐकत वाढलेल्या पिढ्या आहेत. नेपथ्य नको, वेशभूषा नको, प्रकाशयोजना नको. एकांकिका स्पर्धांसाठी महिनोन्महिने राबणाऱ्या महाविद्यालयीन नाट्यमंडळांना माझी विनंती आहे: यंदा तीन चांगले आवाज आणि दोन माईक घ्या, आणि दूरच्या ग्रहावरची एक मराठी श्रुतिका ध्वनिमुद्रित करा. ऐकायला मी नक्की येईन.