सुईशिवाय मेंदूची खबर

अंधारात पेटत्या बॅटरीवर बोटं ठेवून पाहा. ती लालबुंद दिसतात, कारण प्रकाश कातडी-मांसातून आरपार येतो. कोरोनात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर याच गुणावर चालतो. प्राणवायू भरलेलं रक्त आणि प्राणवायू संपलेलं रक्त प्रकाश वेगवेगळा शोषतं, त्यावरून आकडा येतो.

आपल्या मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायू लागतो २० टक्के. चार-पाच मिनिटं तो तुटला तरी इजा होऊ लागते. मग मेंदूतला प्राणवायू कसा मोजायचा? १९७७ साली फ्रान्स यॉब्सिस या शास्त्रज्ञाने दाखवलं, की लालच्या पलीकडचा, डोळ्यांना जवळपास न दिसणारा अवरक्त प्रकाश कवटीतून आत जातो आणि मेंदूची खबर घेऊन परततो. ना सुई, ना चिरा.

अडचण एकच. परतणारा प्रकाश केस, कातडी, हाड यांचीही खबर सोबत आणतो. आपण सुपात ज्वारी पाखडून कोंडा बाजूला काढतो ना, तसं काम इथे एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता करते. अनेक रुग्णांच्या नोंदी पाहून संगणक मेंदूचं काय आणि वरवरचं काय, हे वेगळं करायला शिकतो.

आपल्या देशातलं ‘सेरेबो’ हे हातात मावणारं यंत्र याच वाटेवरचं. ते प्राणवायू मोजत नाही. डोक्याला मार लागल्यावर आत रक्तस्राव आहे का, हे मिनिटभरात रंगाच्या खुणेने सुचवतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, भोपाळचं एम्स, बंगळूरचं निम्हान्स आणि बायोस्कॅन रिसर्च यांनी ते घडवलं. आपल्या मेहकर, सिंदखेडराजा भागातून समृद्धी महामार्ग जातो, आणि सीटी स्कॅन काही गावोगावी नाही. म्हणून अशा यंत्राचं मोल. तरी ते सीटी स्कॅनची जागा घेत नाही.

अजून एक लक्षात ठेवू. यंत्र जे पाहून शिकतं, तेवढंच जाणतं. २०२० साली अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं, की कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये घटलेला प्राणवायू बोटावरच्या ऑक्सिमीटरकडून गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट वेळा निसटला. म्हणून ही नवी यंत्रं आपल्या सावळ्या कातडीवरही तपासलेली हवीत. हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

डोक्याला मार लागून वारंवार उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणं, झटके किंवा नाका-कानातून रक्त दिसलं, तर थांबू नका. १०८ ला फोन करा. यंत्राने ‘ठीक’ म्हटलं तरी ही लक्षणं डॉक्टरांना सांगाच.