आवणीची खाज आणि तळ्यातली गोगलगाय

आवणी सुरू झाली की आमच्या दवाखान्यात पायांना खाज सुटलेल्या बायांची रांग लागते. पोटऱ्यांवर आणि हातांवर लाल पुळ्या, खाजवून खाजवून झालेल्या जखमा, बुडालेली मजुरी. जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर काम करताना पहिले दोन पावसाळे मी या बायांना खरजेचे मलम दिले आणि स्वच्छता पाळा असे वर सांगितले. एक वहिनी शेवटी म्हणाल्या, "ताई, आम्ही रोज आंघोळ करतो. चिखलात उतरलो नाही तर खाजही येत नाही." मी ते कानाआड केले. बरोबर त्याच होत्या, चूक माझी होती.

उलगडा झाला तो एका बैलामुळे. तिसऱ्या वर्षी जनावरांच्या शिबिरात एका शेतकरी दादांनी बैल आणला. श्वास घेताना तो घोरल्यासारखा आवाज करी, नाकातून शेंबूड आणि कधी रक्त येई. नांगराला धरला की लगेच धापा टाकी. डॉक्टरांनी नाकात पाहिले आणि विचारले, "हा पाणी कुठे पितो?" आम्ही पाड्याखालच्या तळ्यावर गेलो. त्यांनी शेवाळाबरोबर काही गोगलगायी काढल्या, काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात टाकल्या आणि पेला उन्हात ठेवला. काही वेळाने भिंगातून पाहिले, तर पाण्यात शेपटीवाले सूक्ष्म ठिपके वळवळत होते.

ही गोगलगाय कोणती?

तिच्या वंशाचे शास्त्रीय नाव इंडोप्लॅनॉर्बिस. ॲनन्डेल आणि बैनी प्रसाद या प्राणिशास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये ते दिले. शिंपला तपकिरी, चपटा आणि चकलीसारखा वेटोळा, मोठ्यात मोठा साधारण एक इंच. हिला कल्ले नाहीत. ती पाण्यावर येऊन आपल्यासारखी हवा घेते. म्हणून शेण, शेवाळ आणि सडक्या पाल्याने भरलेल्या साचलेल्या पाण्यातही ती मजेत जगते. तळे आटले की चिखलात दडते आणि पावसाबरोबर पुन्हा वर येते. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, त्यामुळे एकटी उरली तरी अंडी घालू शकते.

जंताचा फेरा

गोगलगाय स्वतः चावत नाही. ती फक्त मधले घर आहे. जनावराच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या शिस्टोसोमा नावाच्या जंताच्या काही जाती तिच्यात वाढतात. एका जातीची अंडी शेणातून पाण्यात येतात. दुसरी जात नाकातल्या शिरांत राहते, तिची अंडी शेंबडातून पडतात. आपल्या बैलाचे दुखणे याच जातीचे. अंड्यातून निघालेले पिल्लू गोगलगायीत शिरते, तिथे काही आठवड्यांत एकाची हजारो होतात आणि पाण्यात बाहेर पडतात. तीच ती पेल्यातली वळवळ. पाण्यात उभ्या जनावराच्या कातडीतून ती आत शिरतात आणि फेरा पूर्ण होतो.

खाचरात आपला पाय असला तर ती आपल्याही कातडीत घुसतात. पण जनावरांचे हे जंत माणसात वाढू शकत नाहीत, कातडीतच मरतात. खाज येते ती त्यामुळे. दरवर्षी तीच बाई चिखलात उतरते आणि दरवर्षी तिचे अंग जास्त चिडते. पोटात जंत होतील का, असे बाया विचारतात. या जातींपासून ती भीती नाही. माणसात वाढणारी जात वेगळी. आफ्रिकेत ती याच कुळातल्या इतर गोगलगायींमधून पसरते. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावीही १९५२ मध्ये तिचे रुग्ण नोंदले गेले होते.

खरूज की चिखलाची खाज?

खरूज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला येते, रात्री वाढते आणि घरातल्या इतरांनाही होते. चिखलाची खाज पाण्यात बुडालेल्या भागावरच येते, काम झाल्यावर काही तासांत सुरू होते आणि आठवड्याभरात ओसरते. ती एकापासून दुसऱ्याला लागत नाही. मात्र खाजवून जखम झाली आणि पू आला तर दवाखान्यात या. चिखलात काम केल्यावर ताप आणि जोराची अंगदुखी आली तर एक दिवसही थांबू नका, तो लेप्टोचा ताप असू शकतो.

आपण काय करू शकतो?

खाचरातून बाहेर येताच हातपाय कोरड्या फडक्याने खसखसून पुसावेत. ताजे शेण खाचरात न टाकता खड्ड्यात कुजवावे. गुरांना तळ्यात न उतरवता हातपंपाचे पाणी दोणीत पाजावे. तळ्याच्या काठचे शेवाळ काढत राहावे. गोगलगायी मारायला तळ्यात विषारी औषध मात्र टाकू नये, मासे मरतात. घोरणारे जनावर लवकर डॉक्टरांना दाखवावे.

बैलावर उपचार झाले आणि पुढच्या हंगामात तो नांगराला चालला. पाड्यावरच्या लोकांनी श्रमदानाने दोण बांधली. खाज पूर्ण गेलेली नाही, कारण खाचरे तीच आहेत. पण आता रांगेतल्या बाईला मी आधी विचारते, "कुठल्या खाचरात उतरला होतात?" आंघोळीचे विचारत नाही.