तडा कुठे जाऊ द्यायचा?

संपादकांना मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या कोंडीवर लेख हवा होता. जुन्या डांबरावर काँक्रीटचा थर चढवण्याचं, म्हणजे व्हाइट टॉपिंगचं काम निघालं आणि पालघर जिल्ह्यात ट्रकांच्या रांगा लागल्या. मी गेलो कोंडी बघायला आणि मनोरजवळ अडकलो एका कटरपाशी.

ढकलत न्यायचं यंत्र, हिऱ्याचे कण बसवलेलं गोल पातं, वर पाण्याची टाकी. काँक्रीट घट्ट होताना आकसतं, त्याला तडा जाणारच. म्हणून थराच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकी खाच पाडून तड्याला वाट नेमून द्यायची. थर पातळ, म्हणून चौकटीही लहान, मीटर-दीड मीटरच्या. सगळं कसब वेळ साधण्यात. घाई केली तर कडेची खडी उपटते. उशीर झाला तर तडा मनाला येईल तिकडे गेलेला असतो. ऊन-वारा असला की मुदत आणखी आखडते. कटरवाल्याने कड नखाने खरवडून पाहिली, ‘‘अजून अर्धा तास,’’ म्हणाला आणि तंबाखू मळायला बसला. इंजिनिअर मुकाट्याने थांबला. मला हा अधिकार फार आवडला.

डांबराला नावं ठेवायचं कारण नाही. पुण्याचा १९७०च्या दशकातला, वर्षानुवर्षं टिकलेला जंगली महाराज रस्ता डांबरीच. धावपट्ट्याही पुष्कळदा डांबरी असतात. विमानं उभी राहतात तिथे मात्र काँक्रीट बरं, कारण सांडलेल्या इंधनाने डांबर विरघळतं. शिवाय पाणी मुरलं की डांबराची खडीवरची पकड सुटते, उन्हात मऊ पडलं की जड चाकांखाली चाकोऱ्या पडतात. पालघरला पाऊसही धो धो आणि तारापूर एमआयडीसीचे टँकरही रात्रंदिवस.

पण काँक्रीटचा हिशेब आधी प्रवाशांच्या वेळेतून वसूल होतो. डांबर थंड झालं की वाहनं सोडता येतात. काँक्रीटची ताकद मोजायचा रिवाज २८ दिवसांचा. वाहनं त्याआधी सोडली तरी काही दिवस मार्गिका बंदच, आणि उरलेल्यांत ट्रक, एसटी, रुग्णवाहिका सगळे एकामागे एक. नव्या-जुन्या थरांच्या उंचीतला फरक दुचाकीवाल्याच्या जिवावर बेततो. पुढचं दुखणं सांध्यांचं. खाचेत भरलेलं सीलंट काही वर्षांत सुटतं, फटीतून पाणी खाली उतरतं आणि चौकटींच्या कडा तुटू लागतात. काँक्रीटला देखभाल लागत नाही, ही समजूत इथेच फसते.

तेव्हा फीत कापायला येणाऱ्या पुढाऱ्याला एवढंच विचारा: सांधे पुन्हा भरण्याचे पैसे कंत्राटात धरले आहेत का?