संक्रमणातल्या अर्थव्यवस्था आणि दूरसंचार : गुंतवणूकदार नेमकं काय विकत घेतो?

आम्ही तत्त्वज्ञानवाले आज टेलिफोनवर का बोलतोय, असं काहींना वाटेल. पण आपल्यापैकी अनेकांनी निवृत्तीची पुंजी ‘उदयोन्मुख बाजारपेठा’ असं नाव असलेल्या फंडांत ठेवली आहे. त्या पैशाने आपण खरं म्हणजे काय विकत घेतो, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. उदाहरण म्हणून 1989 नंतरचा पूर्व युरोप आणि रशिया घेऊ.

समाजवादी राष्ट्रांच्या हिशेबात पोलाद, कोळसा, यंत्रं हे ‘उत्पादन’. सेवांचा बराच भाग अनुत्पादक समजला जाई. साहजिकच घरगुती फोन शेवटच्या रांगेत. हंगेरीत 1990 च्या सुमारास शंभर माणसांमागे जेमतेम 10 फोन होते आणि अर्ज केल्यावर वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. आपल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. आपणही नंबर लावून बसलोच होतो.

म्हणजे ग्राहक तयार होता. मग धोका कुठे होता? केबल एकदा जमिनीत पुरली की उचलून परत नेता येत नाही. पैसा आज घालायचा आणि वसुली पुढच्या पंधरा-वीस वर्षांत. मधेच सरकार बदललं, त्याने दर गोठवले, तर काय करणार?

हंगेरीने यावर उत्तर शोधलं. डिसेंबर 1993 मध्ये ‘माताव’ या सरकारी कंपनीचा सुमारे 30 टक्के हिस्सा डॉइच टेलिकॉम आणि अमेरिटेक यांच्या गटाने 87.5 कोटी डॉलरना घेतला. गटाला व्यवस्थापनात वाटा आणि लांब पल्ल्याच्या सेवेची आठ वर्षांची मक्तेदारी मिळाली. बदल्यात दरवर्षी ठरल्याप्रमाणे लाइन वाढवण्याचं बंधन आलं. 1995 मध्ये याच गटाने आपला हिस्सा दोन-तृतीयांशापर्यंत नेला. दशक संपेपर्यंत फोनची रांगही संपली.

आता रशिया पाहू. जुलै 1997 मध्ये ‘स्व्याझइन्वेस्ट’ कंपनीचे 25 टक्के अधिक एक शेअर 187.5 कोटी डॉलरना विकले गेले. घेणाऱ्यांत जॉर्ज सोरोस होते. लिलाव हरलेल्यांच्या हातात वाहिन्या होत्या. त्यांनी सौद्यावर झोड उठवली. ऑगस्ट 1998 मध्ये रूबल कोसळला. 2004 मध्ये तो हिस्सा 62.5 कोटी डॉलरना, म्हणजे बरोबर एक-तृतीयांश किमतीला विकला गेला. रूबल हे एक कारण झालं. पण बाकीची सगळी मालकी सरकारकडेच होती. पैसा एकाचा आणि निर्णय दुसऱ्याचा, अशी ती स्थिती होती.

फोनची गरज दोन्हीकडे होती, तारा दोन्हीकडे होत्या. फरक वचनाचा होता. गुंतवणूकदार तारा विकत घेत नाही. उद्याचं सरकार आजचा शब्द पाळेल, हा विश्वास विकत घेतो.

मात्र त्या वचनाची किंमत कुणीतरी मोजतंच. हंगेरीत 2001 अखेरपर्यंत लांब पल्ल्याच्या फोनसाठी लोकांना दुसरीकडे जायची सोय नव्हती. म्हणून वचन दोन्ही बाजूंना बांधणारं हवं आणि त्याला शेवटची तारीख हवी. हंगेरीच्या करारात या दोन्ही गोष्टी होत्या.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुम्हाला “तिथे मागणी प्रचंड आहे हो!” असं सांगितलं, तर एवढंच विचारा : निर्णय कुणाच्या हातात आहे? नियम कधीपर्यंत टिकणार? आणि कंपनीने स्वतः काय कबूल केलंय? मागणी काय, रांगेतही दिसते. शब्द पाळला जाईल का, हे मात्र तपासावंच लागतं.